दिवस बुडायच्या आत

कालव्याकडून येणारा ठक्ठक् आवाज मध्येच थांबला. गुणमालाअक्का वाढलेलं ताट झाकून बाहेर आल्या.

"गाडी बंद पडली," त्या सुनेला, भाग्यश्रीला म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यानं सुई टोचून घेतली आन् जेवायचं सोडून म्हणं, नवा पट्टा घातलाय, एक चक्कर मारून आलोच."

"फोन लावू?"

"खुंटीवरच्या सदऱ्यात हाय फोन."

एके काळी नुसत्या आवाजावरून कुणाच्या विहिरीवर इंजिन चालू आहे, ते अक्का चुलीपाशी बसून सांगायच्या. आता सगळीकडं विजेच्या मोटारी. असा आवाज उरला तो त्यांच्या नवऱ्याच्या, जिनपालअण्णांच्या गाडीचाच. दोन सीटांची, बिनटपाची, लाल विलायती स्पोर्ट्स कार. मूळ इंजिन निकामी झाल्यावर अण्णांनी तिच्यात विहिरीवरचं ऑइल इंजिन बसवलं होतं. हँडल मारल्याशिवाय ते सुरू होत नसे.

इन्सुलिनची सुई घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर साखर उतरते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस बुडाल्यावर अण्णा पाण्याचा थेंबही घेत नसत. अक्काही नाहीत. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता.

अक्कांनी गुळाचा खडा पदरात बांधला. दोघी बांधावरून निघाल्या. परत आवाज येईल म्हणून अक्का मध्येच थांबायच्या. येत नव्हता.

कालव्यापाशी पोचेस्तोवर अंधारून आलं. भाग्यश्रीनं मोबाईलची बॅटरी लावली. अण्णा गाडीला टेकून उभे होते. सदरा घामानं चिंब, हातात हँडल.

"बाबा," भाग्यश्रीनं हाक मारली.

"कोण गं तू?"

अक्कांनी गूळ त्यांच्या ओठांशी नेला. अण्णांनी मान फिरवली.

"दिवस बुडाला."

सून ओळखू येत नव्हती. नेम पक्का आठवत होता.

"आवं, औषध म्हणून घ्या."

ओठ मिटलेलेच. अण्णा एका बाजूला कलले. भाग्यश्रीनं त्यांना दंडाला धरून सीटवर बसवलं.

अक्कांनी खडा दाताखाली फोडला. अर्धा हातात धरला आणि अर्धा त्या अण्णांच्या समोर चावू लागल्या.

"माझा नेम मोडला," त्या म्हणाल्या. "आता तुमी एकटंच मोक्षाला जाणार व्हय? ह्या गाडीनं?"

अण्णा त्यांच्या हलत्या जबड्याकडं बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी तोंड उघडलं.

भाग्यश्रीनं मान वळवून बॅटरी बंद केली.