बाबांच्या वाट्याचे डोळे

"झालो काय रे माझो गणपती?" बाबांनी पडवीतून चौथ्यांदा विचारलं.

"वायच थांबा, बाबा. तोंडवलीची माणसां गेली की तुमका हयसर घेवन येतंय," गुरुदास म्हणाला. मान वर केली नाही. मान वर करायला सवड तरी कुठे होती? उद्या चतुर्थी. घरापुढच्या खळ्यातल्या मांडवात एकतीस गणपती, प्रत्येक आपापल्या घरच्या पाटावर. नागपंचमीला लोकांनी कडेला नाव घातलेले पाट आणून दिले, त्यांवर माती चढली, रंग चढला, आणि आता सगळे देव डोळ्यांवाचून रांगेत बसले होते. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते एकट्या गुरुदासच्या हातचे.

त्याने सकाळीच क्रम लावला होता. आधी खाडीपलीकडचे तोंडवलीवाले, कारण पाणी उतरलं की होडी चिखलात रुतते. मग डोंगरवाटेने डोक्यावरून नेणारे. मग शेजारी, त्यांचं काय, हाक मारली की आले. सगळ्यांत शेवटी घरचा. घरच्या माणसाला थांब म्हटलं तर तो कुठे जातो? असा क्रम लावण्यात गुरुदास मोठा हुशार. गुरुदासकडे कोणाचा गणपती कधी चुकला नाही, असं गाव म्हणायचं.

घरच्या गणपतीचे डोळे मात्र बाबांचे. चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या देवांचे डोळे त्यांनीच काढले. दिवाळीनंतर उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा कुंचला त्यांनी आपणहून मुलाच्या हाती दिला आणि एवढंच मागितलं, "एक माका ठेव. घरचो. पुढली चवत कोणी बघल्यान हा?" आज पहाटेच आंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून ते पडवीत बसले होते. डोळे काढायचे ते उपाशीपोटी, ही त्यांची रीत. चहासुद्धा परत पाठवला होता.

रंग कालवता कालवता विमला नवऱ्याला म्हणाली, "अवो, तेंका आधी घेवन येवा. सकाळपासून उपाशी आसत."

"हात कापता गो तेंचो. अर्धो तास जातलो. हयसर होडी चुकतली," तो हळू आवाजात म्हणाला. पण पडवी चार पावलांवर होती.

तोंडवलीचा सदानंद गिरणीत कामाला. मुंबईहून कालच्या एसटीने उतरलेला. मनगटावरचं घड्याळ बघून बघून त्याने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. शेवटी, काम झटपट व्हावं म्हणून, तो आणि त्याचा भाऊ स्वतःच गणपती उचलून गुरुदासपुढे ठेवू लागले. एक झाला की बाजूला, की दुसरा पुढे. गुरुदासला बरंच वाटलं. एकदा हात लागला की लागला. वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. डोळे काढणारा पाटाकडे बघत नाही. त्याला समोर फक्त दोन कोऱ्या जागा दिसतात.

दहावा पुरा करून त्याने सदानंदकडे सरकवला. सदानंदने पाटाची कड वाचली.

"ह्यो आमचो न्हय रे. गडबडीत खंयचो उचललो काय म्हायत. ह्येच्यार तुमचाच नाव आसा."

गुरुदासने पाट फिरवला. कडेला बाबांनीच कोरलेली अक्षरं. हाताशी ओलं फडकं होतं, ते त्याने उचललं. पुसून टाकावं, वर रंगाचा एक हात द्यावा, तासाभरात वाळेल, बाबांना कळणारही नाही.

"पुसू नको."

बाबा भिंत धरून, आपले आपणच मांडवात आले होते. "उघडलेले डोळे मिटूचे नसतत," ते म्हणाले.

"बाबा, माका दिसलाच नाय. माझी चूक झाली."

बाबा हळूहळू गणपतीपुढे बसले. एकेक डोळा निरखून बघितला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर गुरुदासला सोसलं असतं. ते म्हणाले, "बरे काढलंस. शांत आसत." आणि मग, "उंदराचे रवलेत मां?"

उंदराचे राहिले होते. ते काय, दोन ठिपके. मागाहून विमला द्यायची.

गुरुदासने खारीच्या केसांचा बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"पाणी उतारता हा रे," सदानंद घड्याळ बघत म्हणाला.

"उतरांदे," गुरुदास म्हणाला.

बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. एक ठिपका दिला. श्वास सोडला. दुसरा दिला. दोन्ही जागच्या जागी बसले. एवढंच. पानाचा विडा जुळवायला याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या हाकेलाच उठलो असतो तर, असं गुरुदासच्या मनात आलं.

बाबांनी कुंचला धुऊन त्याच्यापुढे ठेवला.

"झाला माझा," ते म्हणाले. "तू बस आता. तुझी माणसां खोळांबली."