रास्कचं घर

स्वीडन, अठराशे नऊचा उन्हाळा. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत नव्या राजाचं नाव घेतलं. जुन्याला मार्चमध्येच कोंडून ठेवलं होतं. मार्ताचं लक्ष नव्हतं. फिनलंडच्या लढाईवर गेलेल्या नवऱ्याची, रास्कची, खबर तिला हवी होती. खबर याही रविवारी आली नाही.

दुपारी शेजारीण कार्ना कुंपणावरून ओरडली, "अगं, होकानच्या गाडीत शिपाई बसलाय. निळा कोट. तुझ्याकडेच वळतायत. आता तरी येरझारा थांबव."

मार्ताने लापशी चुलीवर ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली. केस बांधले. दार उघडलं.

गावच्या शेतकऱ्यांचा पुढारी होकान उतरला. त्याच्या मागून एक अनोळखी तरुण.

"हा रास्क," होकान म्हणाला.

गावच्या शेतकऱ्यांनी मिळून पोसलेल्या शिपायाला हे घर मिळायचं, आणि घराबरोबर नावही.

"तुझा माणूस हिवाळ्यातच गेला, मार्ता. तापाने. माझ्या तोंडून निघत नव्हतं."

मागे लापशी करपत होती.

"घर कधी सोडू?"

"सोडायलाच हवं असं नाही." होकान हातातली टोपी फिरवत राहिला. "याचं लग्न व्हायचंय अजून."

नवा रास्क उंबऱ्याशी घुटमळला. मार्ताने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती बाजूला झाली.

"वाकून ये. चौकट बुटकी आहे. आधीचे दोन्ही रास्क पहिल्या दिवशी इथेच आपटले होते."