पिसांच्या खोक्यातलं वटवाघूळ

आईने वटवाघूळ पुन्हा पिसांच्या खोक्यात टाकलं.

"अगं आई, पक्षी नाहीये ते!" लेक ओरडलीच. "पिसं दिसतायत का कुठे? अंगावर केस आहेत. पिल्लांना दूध पाजतं. किती वेळा सांगू?"

तिने ते चित्र उचललं आणि लोकरीच्या खोक्यात आपटलं. आई तिच्याकडे बघत राहिली. मग डावा हात टेबलावर रोवून खुर्चीतून उठायला लागली. हेही रोजचंच. चूक दाखवली की बाईसाहेब निघाल्या! लेकीने खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बस गं. पडलीस म्हणजे तेवढंच एक निस्तरायचं राहिलंय."

आईने जन्मभर बालवर्गाला शिकवलं होतं. ही खोकी तिनेच केलेली, बुटांची. एकावर लोकरीचा तुकडा, एकावर पीस, एकावर खरखरीत सँडपेपर, एकावर सहा काड्या. वाचता न येणाऱ्या पोरांनी बोटांनी चाचपावं आणि कोणाचं घर कुठलं ते ओळखावं. केसांचे आणि दुधाचे इकडे, पिसांचे तिकडे, खवल्यांचे सँडपेपरात, सहा पायांचे किडे काड्यांत. साप आणि मासे एकाच खोक्यात कसे, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "त्यांची वाटणी पुढच्या वर्गात."

आता ती काहीच म्हणत नव्हती. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं किती शाबूत आहे ते कोणालाच कळेना. उपचार करणारी म्हणाली, हाताला ओळखीचं काम द्या. म्हणून लेकीने माळ्यावरून खोकी काढली होती.

धाकट्या भावाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "रविवारी येतो. तिला समजत असेल तर बाई ठेवून घरी सांभाळू. समजत नसेल तर संस्थेत ठेवायचं, ताई. तू दिवसभर औषधांच्या दुकानात. उद्या तिने गॅस चालू ठेवला म्हणजे?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग येत होता. आईला परक्या माणसांच्या खोलीत, ओळीतल्या एका खाटेवर ठेवायचं, हे लेकीला मुळीच मान्य नव्हतं. दुकानातून आली की चप्पल काढायच्या आधी ती खोकी मांडायची. आणि आई काय करायची? भल्याभल्यांना चकवणारा देवमासा न चुकता लोकरीत टाकायची. न उडणारा पेंग्विन पिसांत. वटवाघूळ मात्र रोज चुकीच्या जागी. वर पुन्हा लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघणं. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा तर लेकीने वटवाघळाचं चित्र लपवूनच ठेवलं. आईने सगळं टेबल चाचपलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, शेवटी मूठ आपटली. हट्टीपणा तेवढा झटक्यातून सहीसलामत वाचला होता.

रविवारी भाऊ आला. चहाही नको म्हणाला. दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. लेकीने खोकी मांडली आणि आईच्या कानाशी कुजबुजली, "आज तरी नीट कर. हात जोडते तुला."

गाय लोकरीत गेली. पोपट पिसांत. सरडा सँडपेपरात, मुंगी काड्यांत. देवमासा लोकरीत. लेकीच्या जिवात जीव येऊ लागला. मग आईने वटवाघूळ उचललं. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, ते पिसांच्या खोक्यात ठेवलं.

लेकीने कपाळाला हात लावला. संपलं. आता भाऊ काय बोलणार ते तिला पाठ होतं.

तिने मान वर करून पाहिलं, तर मिशीवाला, पोट सुटलेला तिचा भाऊ भिंतीपाशी ताठ उभा होता. त्याचा हात वर होता.

"बाई, चुकलं!" तो म्हणाला. आवाज फाटला होता. "बाई, वटवाघूळ पक्षी नाही!"

आईचा अर्धा चेहरा हसला. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

"मी हिच्याच बालवर्गात होतो. वर्गात हिला आई म्हणायची बंदी होती, बाईच म्हणायचं," भाऊ डोळे पुसत म्हणाला. "तू पाचवीत गेल्यावर ही नोकरीला लागली, तुला कसं ठाऊक असणार? रोज एक चित्र ही मुद्दाम चुकवायची, ताई. बहुतेक वेळा वटवाघूळच. आणि कोण पकडतंय ते बघत बसायची."

आई डावा हात रोवून उठायला लागली. लेकीचा हात सवयीने तिच्या खांद्याकडे गेला.

"धरू नकोस तिला," भाऊ म्हणाला. "चूक पकडणाऱ्याला बाई स्वतःची खुर्ची द्यायची."

तो हसत पुढे झाला आणि खुर्चीशी आला. आईने कोपराने त्याला बाजूला सारलं. टेबलाच्या आधाराने, लटपटत, ती पूर्ण उभी राहिली, आणि डाव्या हाताने खुर्ची सरकवून तिने लेकीला खूण केली. आठवडाभर रोज चूक पकडणारीला ती रोज जागा देत होती, आणि लेक रोज तिचा खांदा दाबून तिला खाली बसवत होती.