बालविभागातला पहिला नंबर

"या वर्षीचं पहिलं बक्षीस तुमच्या मुलीला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "रविवारी दहा वाजता तिला घेऊन या. आणि तिलाच आणा. हल्लीची मुलं दर वेळी मोठ्यांना पिटाळतात, स्वतः पाय म्हणून हलवत नाहीत."

चावीवाल्यानं मान डोलावली. बक्षीस मिळालेल्या मुलीत एकच खोट होती. ती अजून जन्मालाच आली नव्हती.

त्याला मुलगी नव्हती, बायकोही नव्हती. वर्षापूर्वी बालविभागातल्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून बाईंनी त्याला बोलावलं होतं. कुलपात तेल मुरेपर्यंत करायचं काय, म्हणून त्यानं समोरचं पुस्तक उघडलं. सात भागांच्या कादंबरीचा पहिला भाग होता. तेरा वर्षांची एक मुलगी दीपगृहाचं दार केसातल्या पिनेनं उघडते. "असं कुठं उघडतं का," तो पुटपुटला आणि त्यानं पान उलटलं. तेल केव्हाच मुरलं. बाईंनी दिवे घालवायला घेतले तेव्हा तो एकोणसाठाव्या पानावर होता.

पण बालविभागातलं पुस्तक फक्त चौदा वर्षांखालच्या मुलांच्या नावावर मिळायचं, आणि बाईंचा नियम म्हणजे नियम. पंचेचाळिशीचा माणूस कुठल्या तोंडानं म्हणणार, मला हवंय?

"मुलीसाठी," तो म्हणाला, आणि फॉर्मवर वय लिहिलं, अकरा.

त्या अकरा वर्षांच्या मुलीनं वर्षभरात सत्त्याऐंशी पुस्तकं फस्त केली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बाई एक कागद चिकटवून ठेवत, वाचणाऱ्यानं त्यावर मत लिहायचं. ही मुलगी लिहायची, 'पान बावन्नवरचं कुलूप त्या काळी नव्हतंच.' बाई चाट पडत.

खोटेपणाची टोचणी त्याला दर शनिवारी लागे, ती रांगेत. पुढे वाहतूक पोलीस उभा असे, मुलासाठी आलेला. त्याच्या मागे दातांच्या डॉक्टरीणबाई, मुलीसाठी. मग निवृत्त मुख्याध्यापक, नातवासाठी.

"सहावा भाग आला का हो?" पोलीस काकुळतीला येऊन विचारी. "पोरगा घशाखाली घास उतरू देत नाही."

"आमचीही तीच तऱ्हा," डॉक्टरीणबाई म्हणत.

ही माणसं कामंधामं टाकून पोरांसाठी पळतात, आणि त्यांच्यात चोर तेवढा आपण एकटा, असं चावीवाल्याला वाटे. त्याला मनापासून लाज वाटे. पण सहावा भाग त्यालाही हवाच होता. आता बिंग फुटलं तर कार्ड रद्द होणार, आणि पाचव्या भागाअखेर दाराआड पाऊल वाजलं ते कोणाचं, हे मरेपर्यंत कळायचं नाही.

शेवटी त्यानं बहिणीच्या मुलीला गाठलं. फॉर्मवरची अकरा आता बारा झाली होती, आणि भाची नेमकी बाराची होती. पण पुस्तक म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"अर्धा तास तुला बाबा म्हणायचं," ती म्हणाली. "बदल्यात काय?"

"आईस्क्रीम."

"तारेनं कुलूप उघडायला शिकव."

त्यानं डोकं खाजवलं. "आईला सांगायचं नाही."

"तूही सांगू नकोस."

मग रोज संध्याकाळी दुकानात शिकवणी सुरू झाली. भाचीच्या हातात तार, आणि मामाच्या तोंडी कादंबरी, कारण बाई प्रश्न विचारणार होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं तार बाजूला ठेवली.

"मग? बोटीत कोण होतं?"

"उद्या सांगतो."

"आत्ता सांग."

त्यानं पुस्तकच तिच्या हातात दिलं. शुक्रवारी बहिणीचा फोन आला. "पोरगी जेवताना मान वर करत नाही. काय जादूटोणा केलास?" चावीवाल्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाला चावी फुकट करून दिली.

रविवारी दिवाणखान्याएवढ्या बालविभागात सगळी मोठी माणसं बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. बक्षीसवाल्या चौघा मुलांना शेजारच्या खोलीत थांबवलं होतं. बाई एकेकाला बोलावून विचारत, काय आवडलं?

पोलिसाच्या मुलानं पोलिसाकडे पाहिलं. पोलिसाचे ओठ हलले. "दीपगृह," मुलगा म्हणाला. डॉक्टरीणबाईंच्या मुलीनं पाढे म्हणावेत तसं एका दमात काहीतरी म्हणून टाकलं. मुख्याध्यापकांचा नातू नुसताच हसला.

"माणसं पाहून बुजतात हो," बाई म्हणाल्या.

मग भाची आली. "पाचव्या भागात ती भावावर संशय घेते ते मला पटलं नाही," ती म्हणाली. "आणि पिनेनं कुलूप उघडत नाही. तार लागते. बाबांच्या दुकानात मी करून पाहिलंय."

सगळे हसले. पोलीस, डॉक्टरीणबाई आणि मुख्याध्यापक तिघांनीही वळून चावीवाल्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत चक्क हेवा होता. बक्षीस म्हणून बाईंनी भाचीला सहाव्या भागाची कोरी प्रत दिली. चावीवाल्याचा जीव भांड्यात पडला.

जिना उतरता उतरताच तिनं पुस्तक उघडलं.

"मामा, आधी मी वाचणार."

"वाच. पण दाराआड कोण होतं ते सांगू नकोस." त्याचं मन अजून खात होतं. "त्या मुलांशी बोललीस का गं? ओळख वाढव. आपल्यासारखी लबाडी नाही त्यांची, खरोखरची वाचणारी मुलं आहेत ती."

"बोलले ना." तिनं पान उलटलं. "मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, दाराआड कोण असेल? तर तिघांपैकी एकालाही कुठलं दार ते माहीत नाही."

"मग एवढा वेळ बोललात काय?"

"पुढे त्या तिघांनीच मला विचारलं," भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "तुला कशाच्या बदल्यात आणलंय?"