पुरलेलं लोखंड

हे कोणाला खरं वाटणार नाही, समुद्राकाठच्या माणसाला तर मुळीच नाही. पण तू विचारलंस ना पोरा, की तुम्हा डोंगरातल्या लोकांच्या तलवारी एवढ्या आखूड का? तर ऐक. आमची माती हावरी आहे म्हणून.

हसतोस काय? आमच्याकडे मुलगा झाला की बाप त्याच्या नावाने लोखंडाचा पत्रा शेतात पुरतो. पुरतो तेव्हा पत्रा माणसाएवढा लांब असतो. मग त्याला गंज चढतो. कच्चं असेल ते सगळं माती खाते, पक्कं असेल तेवढं ठेवते. पोराला मिसरूड फुटलं की खणून काढायचं आणि उरेल त्याची तलवार ठोकायची. उरतंच हातभर, त्याला कोण काय करणार? पण ते हातभर लोखंड रोमन शिरस्त्राण भोपळ्यासारखं चिरतं. माझ्या आजोबांच्या तलवारीने एकदा शिरस्त्राण कापलं, खालचं डोकं कापलं आणि डोक्यातला विचारही कापला. तो शिपाई मरेपर्यंत विचारत होता, मी इकडे कशाला आलो होतो?

असल्या सुऱ्यांनी तुम्ही मासळी साफ करता, म्हणे. करा, करा. मी लेतोंदोची गोष्ट सांगतो.

लेतोंदोचा बाप मोठा बढाईखोर. गावातले बाकीचे बाप वेळेवर पत्रे काढायचे. हा म्हणायचा, "राहू दे अजून. जेवढा मुरेल तेवढा पक्का होईल. माझ्या पोराची तलवार बघून तुमच्या तलवारी लाजतील." त्याच बढाईत तो मेला. पत्रा खालीच राहिला. लेतोंदो शेळ्या राखायचा, त्याला भाला पुरत होता. त्याच्या लग्नात बायकोच्या, म्हणजे स्तेनाच्या भावांनी टोमणा मारला, "नवरदेवाची तलवार कुठे आहे गं?" तर स्तेनाच म्हणाली, "जमिनीत वाढतेय. तुमच्यासारखी खुरटी नाही राहायची."

मग रोमन आले. ते लढलेच नाहीत. आमच्या गावाच्या टेकडीभोवती खंदक खणला, तट बांधला आणि आम्हाला दिसेल अशा जागी बसून जेवायला लागले. आम्ही आधी गहू संपवला. मग ओकच्या बोंडांचं पीठ. मग शेळ्या. मग शेळ्यांची कातडी उकडून खाल्ली. शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, उद्या वेस उघडायची. हत्यारं ढिगात जातील, माणसं दोरीत. ज्यांना दोरी नको होती ते आपापली तलवार आणि आपापली माणसं घेऊन घरात गेले आणि त्यांनी दारं लावून घेतली. ती आतून पुन्हा उघडली नाहीत. ते जाऊ दे.

स्तेनाने नवऱ्याला विचारलं, "आपली कधी काढणार?"

लेतोंदो म्हणाला, "शेत खंदकाला लागून आहे. गोफणीच्या टप्प्यात."

"मग धुक्यात जा. दुसऱ्याची तर मागता येत नाही." खरंच नाही येत. ज्याच्या नावाने पुरलेलं लोखंड, ते त्याच्याच हातात शोभतं. मेला तरी त्याच्याबरोबरच जातं. स्तेना पुढे म्हणाली, "फार लांब नसली तरी चालेल रे. आपल्या दोघांना पुरेल एवढीच हवी."

सकाळी असं धुकं पडलं की मी गावाच्या तटावरून थोडं कापून बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे मला खालचं दिसलं. लेतोंदो पोटावर सरपटत शेतात गेला. बापाने लावलेला दगड सापडला. तो नखांनी उकरायला लागला, कारण कुदळीचा आवाज झाला असता. आणि पत्रा निघाला की! निळाशार. पोलादासारखा खणखणीत. मातीने जरा तोंड लावून सोडून दिला होता. बापाची बढाई खरी ठरली. लोहाराने घरातली बाकं जाळून भट्टी पेटवली आणि तलवार ठोकून दिली.

मग काय विचारतोस! दोघं खंदकात उतरली. लेतोंदो पुढे, स्तेना त्याच्या पाठीला धरून. रोमनांचे भाले लांबच लांब. अंगाला भिडलेल्या माणसाला लांब भाल्याने कसं मारणार? ते नुसते एकमेकांच्या भाल्यांत अडकले. एक तर म्हणाला, "जरा मागे सरक बाबा, म्हणजे मारता येईल." लेतोंदो सरकला नाही. वाट कापत दोघं नदीत शिरली आणि पलीकडे निघाली. आज ती डोंगरामागे आहेत. संध्याकाळी गव्हाची दारू पितात. शेळ्या आहेत. स्तेनाचं पोट पुढे आलंय, आणि लेतोंदोने परवाच शेतात नवा पत्रा...

"खोटं, अबुलोकाका."

मागून आवाज आला. स्तेनाचा. गळ्यातल्या दोरीमुळे मला वळून तिच्याकडे बघता आलं नाही. पुढचा शिपाई ओरडला तसे आम्ही सगळे पुन्हा पाय उचलायला लागलो. ती चालता चालता बोलत होती.

"त्या खड्ड्यातून काही निघालं नाही. ओंजळभर लाल माती घेऊन आला तो. उंबऱ्यावर बसून चाळत राहिला, एखादा तुकडा तरी हाताला लागतो का म्हणून. वेस उघडली तरी चाळतच होता. मग त्याला खाणीकडे नेलं आणि मला इकडे. बोटभर जरी निघाली असती ना काका, तर त्याने मला या दोरीत येऊ दिलं असतं का?"