तारेवरचे टॉवेल

"तुमची ती बडबड कोण ऐकतंय?" असं नवऱ्याला, तात्यांना, दर रविवारी सुनावून नलूताई त्यांच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी यंत्राच्या, तारेवर खुशाल टॉवेल वाळत घालायच्या. आज पावसाचं पाणी भरलं, वीज गेली, फोनही बंद पडले. तात्या छोटा सेट घेऊन शीवच्या शाळेत अडकलेल्या माणसांकडे सकाळीच गेले होते. संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. शेवटी परळच्या खोलीत नलूताईंनी तारेवरचे टॉवेल ओढून काढले, बॅटरीवर घरचा मोठा सेट लावला. खरखरीतून तात्यांचा शांत आवाज आला. माटुंग्याच्या रेडिओवाल्या मित्राला ते एकेक निरोप सांगत होते. "हितेंद्र सुखरूप आहे, लालबागला कळवा. आकांक्षाला इन्सुलिन मिळालं, वडिलांना सांगा." परक्यांची नावं संपेनात. नलूताई आपल्या नावाची वाट बघत राहिल्या. मित्रानंच विचारलं, "तात्या, तुमच्या घरी काय कळवू?" "काही नको. टॉवेल काढून ती केव्हाची ऐकत बसली असेल."