तिसऱ्या रचनेचा शेवट

पियानोवर वादिकेचे हात मध्येच थांबले. सूर अर्धवट राहिला. ती बसल्या जागीच वळली आणि समोरच्या बहीणभावाकडे बघू लागली.

"या तिसऱ्या रचनेचं इथून पुढचं पान हरवलंय," ती म्हणाली. "बाकी सगळं आहे, फक्त शेवट नाही. पुढे कसं होतं, आठवतंय का काही?"

रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत ती दोघंच होती. ताई लाँड्री चालवायची. दुकान नोकरावर सोपवून आली होती. शेजारी धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या त्यांच्या वडिलांचं संगीत उद्या संध्याकाळी याच मंचावर पहिल्यांदा वाजणार होतं. एका ग्रंथालयाने टाकून द्यायला काढलेल्या गठ्ठ्यात वादिकेला ही पानं सापडली होती, आणि तेव्हापासून ती हात धुऊन त्या पानांच्या मागे लागली होती.

ताईने पर्स उघडली, बंद केली. "छान वाजवता हो तुम्ही. पण मी हे कधी ऐकलेलंच नाही."

"एकही ओळ नाही?"

"एकही नाही."

भाऊ पुढे वाकला. "राग मानू नका, पण हे दुसऱ्याच कोणाचं तर नाही ना? एका नावाची पन्नास माणसं असतात. आमचे बाबा पाणीखात्यात होते. घरोघर फिरून मीटर वाचायचे."

वादिकेने पानं आणून त्यांच्यापुढे धरली. कोपऱ्यात तारखा होत्या. मध्ये मध्ये सूचना होत्या: 'सावकाश', 'इथे घाई नको'. ताईने चष्मा लावला आणि 'घाई'तल्या 'घ'वर बोट ठेवलं.

"अक्षर बाबांचंच आहे," ती म्हणाली आणि आणखीनच गोंधळली. तारखा खऱ्या धरल्या, तर तेव्हा ती शाळेत होती आणि भाऊ तिच्याहून लहान. म्हणजे हे सगळं घरातच चाललं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत.

"पियानो कुठल्या खोलीत होता?" वादिकेने विचारलं.

"पियानो?" भाऊ हसला. "अहो, दोन खोल्यांत आम्ही चौघं. कपाट आत न्यायचं तर दार काढावं लागलं होतं."

"पूर्वी होता म्हणे," ताई म्हणाली. "पण माझ्या जन्माआधीच विकला. आई सांगायची."

आता बुचकळ्यात पडायची पाळी वादिकेची होती. दिवा, पियानो, त्यावर वाकलेला माणूस आणि ऐकता ऐकता झोपी गेलेली मुलं, असं चित्र तिने इतके दिवस मनाशी जपलं होतं. ते पुसून तिथे काय काढायचं, तिला कळेना.

ताईला वेगळंच टोचत होतं. उद्या तिला मंचावर बोलावणार होते, चार शब्द बोलायला लावणार होते. काय बोलणार? मघाशी ऐकताना डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नव्हतं. आपण चुकून भलत्याच माणसाच्या कार्यक्रमाला येऊन बसलोय, असं तिला सारखं वाटत होतं.

"जाऊ दे," वादिका शेवटी म्हणाली. "जिथे तुटतं तिथेच थांबेन उद्या."

तिने जाऊन पियानोचं झाकण लावलं. पण मन त्या ओळीतून निघेना. पानाकडे बघता बघता तिची बोटं झाकणावरच चालायला लागली. सूर नाही, काही नाही. लाकडावर नुसती टकटक.

ताई ताडकन उठली.

"हे! हे बाबा!"

वादिका दचकून थांबली.

"थांबू नका, थांबू नका!" ताई मंचाच्या पायऱ्या चढून वर आली. "हे आमचं जेवणाचं टेबल. ताटं उचलायच्या आत बाबा असे सुरू व्हायचे..."

"आणि आई ओरडायची," तिच्या मागोमाग चढत भाऊ म्हणाला. "'पुरे करा आता, भांडी नाचतायत!'"

"आम्हाला वाटायचं, सवय आहे. कोणी बसल्या बसल्या पाय हलवतं ना, तसं."

वादिकेने ती ओळ पुन्हा झाकणावर धरली. ताई तिच्या उजव्या हाताला उभी राहिली, भाऊ डाव्या. टेबलाशी बाबांच्या दोन बाजूंना ती दोघं अशीच बसायची. ताईची बोटंही झाकणावर चालू लागली. ओळ संपली, पान संपलं, वादिकेची बोटं थांबली. ताईची थांबली नाहीत. डोळे मिटून ती पुढे निघाली. भाऊ तळहाताच्या कडेने जड ठोके देऊ लागला आणि एका जागी अडखळला.

"तिथे दोन नाहीत, तीन," ताईने त्याला दटावलं. "तू पेंगत असायचास तेव्हा."

ठोके विरळ होत गेले. एका बोटावर आले. मग ताईने सबंध पंजा लाकडावर सपाट ठेवला आणि तसाच राहू दिला.

तिचे गाल ओले झाले होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"शेवट," वादिका पुटपुटली. "हाच शेवट!" तिने घाईघाईने ताईचा हात बाजूला केला, झाकण उघडलं आणि बोटं पट्ट्यांवर धरली. "पुन्हा एकदा. अगदी हळू. तो पहिला ठोका कुठल्या पट्टीवर?"

ताईने त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग भावाकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"अहो," ताई म्हणाली, "टेबलाला कुठे असतात पट्ट्या?"